कोणाले परवडते?

डॉ. बेबी मेहरे या नावाचं पाकीट आलं की आमच्या हॉस्पिटलात ते हमखास दुसऱ्या मजल्यावर, नवजात बाळांच्या कक्षात जायचं. यात तशी कुणाचीच चूक नव्हती. आईच्या नावामागे 'बेबी' लावून तान्ह्या बाळाच्या पायात पट्टी बांधायची, ही प्रसूतिगृहांची रीतच आहे. त्यामुळे 'बेबी मेहरे' म्हणजे मेहरेबाईंचं बाळ, हे आमच्या आवक-जावक टेबलाला इतकं उघड होतं की त्यावर विचार करायची गरजच वाटायची नाही. एकदा मायक्रोस्कोपचा महागडा बल्ब तिथे काचेच्या पेटीजवळ पडून राहिला आणि तिथल्या सिस्टर 'मेहरे' नावाच्या बाळंतिणीला वॉर्डभर शोधत हिंडल्या. शेवटी मॅडम, म्हणजे डॉ. मेहरे, स्वतः वर गेल्या.

"मीच ते बाळ," त्या सिस्टरला म्हणाल्या. "वजन करता का माहं?"

वजन करायचं म्हटलं असतं तर बाळांचा काटा मोडला असता. मॅडमचं वय साठीला टेकत आलेलं, उंची बेताची, अंग ऐसपैस, आणि आवाज असा की पॅथॉलॉजीच्या खोलीचं दार बंद असलं तरी त्या कुणाला झापताहेत हे तळमजल्यावर माझ्या टेबलाशी कळायचं. नाव बदलून घ्या, राजपत्रात जाहिरात देऊन बदलता येतं, मी सगळं करून देतो, असं मी त्यांना एकदा सुचवलं. त्या माझ्याकडे असं बघू लागल्या जसं काही मी त्यांचं घरच विकायला काढलं होतं.

"काहून बदलू? अकोल्याच्या भाजीबाजारात माह्या बापाले चौथी पोरगी झाली, तवा त्याची नाव ठेवाची हौसच उरली नव्हती. सगळे बेबी म्हणत, तर बेबीच राह्यली. शाळेत मास्तरनं विचारलं, खरं नाव काय? बाप म्हणे, हेच खरं. आता त्याले खोटं पाडू का मी?"

मी त्या हॉस्पिटलात हिशेब आणि खरेदी बघत असे. आमचं घर गावातच, राजापेठेत. वडील घरोघरी पूजा सांगायचे. मी पोथी सोडून कॉम्प्युटरवरची टॅली धरली. पण मॅडमना माझं आडनाव जोशी आहे एवढं कळल्यापासून मी त्यांच्या लेखी 'महाराज' झालो तो कायमचा. ट्रस्टच्या मीटिंगमध्येही महाराजच. नव्या लोकांना वाटायचं की मी हॉस्पिटलचा पुजारी असून अधूनमधून बिलंही काढतो.

मॅडमची स्वतःची लॅब अकोल्यात होती. आमच्याकडे त्या दर गुरुवारी एसटीने यायच्या, कारण गुरुवार हा आमचा स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनांचा दिवस. त्यांचं काम समजायला सोपं आणि करायला भयंकर. आमचे सर्जन डॉ. तायडे ऑपरेशन चालू असताना काखेतली पहिली गाठ काढून बाहेर पाठवत. ही गाठ रोगाची नव्हे, प्रत्येकाच्या काखेत मुळातच असतात त्यांतली; पहिली म्हणजे, कॅन्सर स्तनातून बाहेर निघालाच तर सगळ्यात आधी जिथे पोचेल ती. बाई टेबलावर बेशुद्ध. इकडे शेजारच्या खोलीत मॅडम ती गाठ गोठवणार, तिचे पापुद्रे काढणार, रंगवणार, मायक्रोस्कोपखाली बघणार आणि फोन उचलून सांगणार. साफ असेल तर तायडे काख शिवून टाकत. लागण बरीच असेल तर बाकीच्या गाठीही त्याच वेळी काढत. सगळ्या गाठी काढल्या की पुढे हात सुजतो, जड होतो, काही जणींचा जन्मभर. म्हणून उगाच काढायच्या नाहीत, आणि काढायला हव्यात त्या ठेवायच्याही नाहीत.

पेशंट बायकांना हे सगळं मॅडम एका दमात समजावत. "तुह्या गावाबाहेर एक नाका हाये. चोर गावातून पळाला का नाही ते नाक्यावर समजते. त्या नाक्यावर मी बसून राह्यली. तू झोप निवांत."

त्यांची मापं भाजीबाजारातली होती. रिपोर्टात त्या मिलिमीटर काटेकोर लिहीत, पण बोलताना गाठ तुरीच्या दाण्याएवढी असायची, बोराएवढी असायची, लिंबाएवढी असायची. पुण्याहून आलेल्या एका तरुण भूलतज्ज्ञाने हौसेने विचारलं, "मॅडम, आवळ्याएवढी म्हणजे नेमकी केवढी?" मॅडमनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कधी आवळा पाह्यला नाही का बावा तू? का तुमच्या तिकडे त्याची पावडरच येते?" पुढल्या गुरुवारी त्यांनी खरंच पिशवीतून दोन आवळे आणले आणि त्याच्या हातावर ठेवले. एक रानातला, एक कलमी. "हे छोटी गाठ. हे मोठी गाठ. आता मीठ लावून खाऊन टाक."

माल घेतानाही त्यांचं तसंच. रंगाची बाटली आली की ती उजेडाकडे धरून वांग्यासारखी फिरवून बघायच्या. खोक्यातली पुढची बाटली कधीच घ्यायच्या नाहीत. हात घालून मागची काढायच्या. "समोर जुना माल मांडते दुकानदार." मी म्हणायचो, मॅडम, हा कंपनीचा सीलबंद माल आहे. त्या म्हणायच्या, "कंपनी काय आभायातून पडली का? तिले बी दुकानच हाये."

त्यांचा आणखी एक नियम होता आणि तो मोडणाऱ्याची गय नव्हती. एका नव्या डॉक्टरने कधीतरी एक तुकडा ऑपरेशनमधून तपासायला पाठवला. मॅडमनी फोन केला.

"साफ आला तर काय करसान?"

"शिवून घेऊ, मॅडम."

"अन् लागण निंगाली तर?"

"तरी आज शिवूनच घेऊ. बघून ठेवावं म्हटलं."

"बघून ठेवाची हौस असन तर सराफ्यात जा. अठी बाई टेबलावर हाये. उत्तर काही बी आलं तरी तुमी तेच करणार, तर प्रश्न काहून विचारता?" आणि तुकडा परत गेला.

आता माझ्याबद्दल एवढंच सांगतो की हिशेब बघणाऱ्या माणसाला दिवसातून पुष्कळदा 'परवडत नाही' म्हणावं लागतं. मी ते चांगलं म्हणतो. चेहऱ्यावर खेद, आवाजात आदर, आणि पेन बंद. डॉक्टरलोक त्यावर चिडतात आणि निघून जातात. मॅडम चिडत नसत आणि निघूनही जात नसत. त्या समोर बसून विचारत, "कोणाले?"

नातेवाइकांच्या बसायच्या जागी पंखा लावा म्हणाल्या. मी म्हटलं, परवडत नाही. "कोणाले?" हॉस्पिटलला. "हॉस्पिटल म्हणजे कोण? भिंती का? त्याईले तर गरमी होतच नाही." पंखा लागला. माझे वडील लोकांना चतुर्थीचे उपास सांगण्यात हयात घालवून गेले; मला या बाईने चतुर्थी विभक्ती शिकवली. परवडणं या क्रियापदाला 'कोणाला' लावल्याशिवाय त्यांनी ते माझ्या तोंडून कधी निघू दिलं नाही.

एवढ्या तिखट बाईला मी एकदाच गप्प झालेलं पाहिलं होतं, ते वलगावच्या इंदूबाईमुळे.

इंदूबाईंची फुलशेती. एका गुरुवारी त्यांचं ऑपरेशन झालं. मॅडमनी पहिली गाठ पाहिली, साफ म्हणून सांगितलं, तायडेंनी काख शिवली. संध्याकाळी बाई शुद्धीवर आल्यावर मॅडमनीच खाटेपाशी जाऊन सांगितलं, "नाका साफ हाये व बाई." पण गोठवून घाईत पाहिलेल्या गाठीचे नंतर सावकाश, मेणात बसवून आणखी पापुद्रे काढतात. त्यात लागण निघाली, आणि थोडीथोडकी नव्हती. गोठवलेल्या तुकड्यांत असं कधीकधी निसटतं. जगात सगळीकडे निसटतं, असं तायडेंनी मला समजावलं. पण इंदूबाईंना पुन्हा भूल, पुन्हा ऑपरेशन आलंच. आम्ही फोन केला, तर त्या म्हणाल्या, झेंडू तोडायला आलाय, दसरा झाल्यावर बघू.

मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. "महाराज, तुमची स्कूटर वजन घेते का?"

स्कूटरने घेतलं, पण खुशीने नाही. राजापेठेतल्या गर्दीतून निघताना मागून सूचना चालू होत्या, आणि त्या मला कमी, इतर वाहनांना जास्त होत्या. वलगावला इंदूबाई शेतात होत्या. एक हात अजून जपून, दुसऱ्या हाताने फुलं खुडत होत्या. मॅडमला पाहून त्या उठल्या नाहीत.

"तुमीच म्हणल्या होत्या ना, साफ हाये?"

"हाव. म्हणली होती. मले दिसलं नाही."

"मंग आता तरी बराबर दिसलं का?"

 मॅडम बांधावर बसल्या आणि त्याही फुलं खुडू लागल्या. टोपली भरत आली तेव्हा इंदूबाईच म्हणाल्या, "मी दवाखान्यात झोपली तर हा माल कोन इकन? सून लाजरी हाये. तिले भाव सांगाले येत नाही. वर्साचा माल हाये."

"मी इकते," मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं, बोलण्याची रीत आहे. पण इंदूबाई गुरुवारी दाखल झाल्या, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी राजापेठेत फुटपाथवर पोतं अंथरून त्या सुनेशेजारी एम.डी. पॅथॉलॉजी मांडी घालून बसली होती. तोंडाला मास्क, डोक्यावर पदर. मी समोरच्या दुकानात उगाच उभा राहून बघत होतो. लहानपणी बापाच्या दुकानावर बसलेली बाई ती. तिचा हात तागडीवर आणि आवाज गिऱ्हाइकावर बरोबर बसला होता. सून त्यांना प्यायला पाणी आणून देत होती आणि मॅडम झेंडू विकत होत्या. तेवढ्यात आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष, वकीलसाहेब, हातात पिशवी घेऊन नेमके तिथेच थांबले.

"कसा दिला?"

मॅडमनी भाव सांगितला. वकीलसाहेबांनी निम्मा सांगितला.

"परवडत नाही, साहेब."

"सगळे हेच म्हणतात. त्या तिकडे स्वस्त आहे."

"तिकडचा कालचा हाये. पाणी मारून बसवला. हात लावून पाहा, मंग बोला."

वकीलसाहेबांनी हात लावून पाहिला, तरी भाव पाडला, आणि फुलं घेऊन गेले. जाताना दोनदा मागे वळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "जोशी, काल एका फुलवालीने मला चांगलंच सुनावलं. आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो हो." मी म्हटलं, असेल.

विकून आलेली रक्कम सुनेने खाटेवर नेऊन दिली. इंदूबाईंनी ऐकलं आणि डोळे मिटून म्हणाल्या, "मी असती तर जास्त आले असते."

त्या दिवशी मॅडमना एसटी स्टँडवर सोडताना त्या स्कूटरवरून उतरल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. "दोनदा कापलं तिले, महाराज," त्या म्हणाल्या. "एक तिच्या रोगापायी. अन् एक माह्यापायी."  मला त्या बाईबद्दल फार माया वाटली त्या वेळी, आणि मी त्यांची पिशवी उचलून एसटीपर्यंत नेली.

मग मुंबईहून मशीनवाला आला. टाय लावलेला, घामाने डबडबलेला, आणि आधी दुसऱ्या मजल्यावर जाऊन आलेला. 'बेबी मेहरे' विचारल्यावर तिथल्या सिस्टरने त्याला हात धुवायला लावून बाळांच्या पेट्या दाखवल्या होत्या.

त्याचं मशीन असं की काखेतली गाठ त्यात वाटून तिचं पाणी करायचं. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशीत एक खास रेणू असतो, तो निरोगी गाठीत नसतो. मशीन तो रेणू शोधतं, आणि ऑपरेशन चालू असतानाच सांगतं, आहे की नाही, आणि आहे तर थोडा की पुष्कळ. पापुद्रे नाहीत, मायक्रोस्कोप नाही, डोळा चुकायची भीती नाही.

"म्हणजे चटणी," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, आम्ही त्याला होमोजिनेट म्हणतो."

"म्हणा. पण एकदा वाटल्यावर वांगं होतं का टमाटं, हे पाहाले मिळत नाही ना?" हे बोलताना त्यांचा आवाज जरा पडला. आयुष्यभर ज्या बाईने बघण्याचंच काम केलं, तिच्यासमोर हा माणूस न बघायचं मशीन घेऊन आला होता. तो मात्र बोलत राहिला. दर वाक्याला 'कॉस्ट इफेक्टिव्ह'. मी मनात म्हटलं, आता येतो. आणि आलाच.

"कोणाले?"

त्याने स्लाइड पुढेमागे करून पाहिल्या. त्याच्या स्लाइडमध्ये तो प्रश्नच नव्हता.

पुढल्या आठवड्यात मीटिंग झाली. अध्यक्ष वकीलसाहेब, डॉ. तायडे, मॅडम आणि मी. हिशेब मी मांडला आणि तो चोख होता. मशीन कंपनी फुकट ठेवणार, पण त्यातली रसायनं आपण विकत घ्यायची; म्हणजे प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, त्यातला प्रकार. आपल्याकडे अशी ऑपरेशनं थोडी. गोठवून बघण्यात क्वचितच चूक होते. तेव्हा तेवढ्यासाठी दर पेशंटमागे एवढा खर्च करणं परवडत नाही. आणि शेवटी, माझा हिशेब किती बारकाईचा आहे हे दाखवायला मी म्हटलं, "शिवाय क्वचित चूक झालीच, तर दुसऱ्या ऑपरेशनचं बिल वेगळं निघतं. त्यामुळे सध्याच्या पद्धतीत हॉस्पिटलला काही तोशीस नाही."

"थांबा महाराज," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे मी चुकली का हॉस्पिटलची कमाई होते?"

"तसं नाही, मॅडम."

"तसंच हाये. तुमी हिशेबाचे पक्के हा, खोटं नाही बोलणार. माही चूक तुमाले परवडते."

तायडे खिडकीबाहेर बघू लागले. वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मी कॅल्क्युलेटर बंद केलं.

मॅडम मात्र भांडायला आल्या नव्हत्या. त्यांनी व्यवहार आणला होता. "राजापेठेतला ऑटोवाला एका सवारीसाठी बडनेऱ्याले जाते का? नाही जात. भरला का सुटते. हे मशीन तसंच हाये. सकाळी ते सुरू करताना जे रसायन जाळा लागते, ते एका बाईसाठी तेवढंच अन् चौघींसाठी बी तेवढंच. तर गुरुवार भरा. अकोल्याचे दोघं सर्जन माह्या ओळखीचे हायेत, त्याईले सांगते, तुमच्या बाया अठी आणा. अन् दुसरं, जिचं उत्तर काही बी आलं तरी तायडे तेच करणार, तिची गाठ मशीनमंदी टाकाची नाही. आजकाल जराशी लागण असली तर सगळी काख साफ करत नाहीत, हे ठाऊक हाये मले. जिचं उत्तर आल्यावर तायडेचा हात इकडचा तिकडे होणार हाये, तिच्यापुरतंच वापरा. मंग महाराजाईले सांगा, पुन्हा हिशेब करा."

मी तिथेच केला. आकडा खूपच खाली आला. अजून फायद्याचा नव्हता, पण तोटा असा होता की ज्याच्याकडे बघून पेन बंद करावंसं वाटत नव्हतं.

"पण मॅडम," वकीलसाहेब म्हणाले, "ते मशीन तर टेक्निशियन चालवील. मग तुमचं दर गुरुवारचं..."

"माहं काय? एसटीचे धक्के वाचतीन."

त्या हसत म्हणाल्या, पण आम्हा तिघांनाही हसू आलं नाही. दर गुरुवारी पहाटे उठून अकोल्याहून येणं ही त्यांची तक्रार होती आणि सणही होता. एवढं मोठं सोडताना त्यांनी घासाघीस केली नाही, म्हणून मी त्यांच्याकडे बघत राहिलो. वकीलसाहेबही बघत होते, पण वेगळ्याच कारणाने.

"मॅडम, एक विचारू? दसऱ्याला तुम्ही कधी राजापेठेत..."

"हाव. अन् तुमी भाव पाडून घेतला होता."

मशीन चाचणीसाठी ठेवायचा ठराव त्यानंतर लगेच झाला. वकीलसाहेबांनी स्वतःच मांडला.

चाचणीची पद्धत मॅडमनी घालून दिली. गाठीचे काप करायचे, निम्मे मशीनमध्ये, निम्मे त्यांच्याकडे. मशीनचं उत्तर बघायच्या आधी त्या आपलं उत्तर सांगणार. कित्येक गुरुवार दोघांचं एकच निघालं. मॅडम मशीनशी बोलत असत. "आज मी पहिले आली," "काय बावा, झोपला का?" असं काहीबाही. टेक्निशियन पोरगी तोंडावर हात धरून हसायची.

चाचणीचा शेवटचा गुरुवार होता म्हणून मी कागद घेऊन वर गेलो होतो. टेबलावर तिवस्याकडची सविता नावाची तरुण बाई होती. मॅडमनी काप पाहिले. पुन्हा पाहिले. "साफ," त्या म्हणाल्या. मग मशीनचा आकडा आला. लागण, आणि पुष्कळ.

त्यांनी काच पुन्हा खाली सरकवली. डोळा लावून इतका वेळ बसल्या की टेक्निशियन पोरगी माझ्याकडे बघू लागली. फोन वाजला. दोन्ही उत्तरं आत पोचली होती; तायडेंचा आवाज मला फोनबाहेरही ऐकू येत होता. "मॅडम, कोणाचं धरू?"

बाई पलीकडे बेशुद्ध पडलेली होती आणि तिचा हात, तिची काख, तिचे पुढले महिने या एका वाक्यावर ठरणार होते. शिवाय एवढ्या वर्षांचा त्यांचा डोळाही. मॅडम खुर्चीवरून उठल्या, जशा काही मोठ्या माणसासमोर बोलताहेत.

"मशीनचं धरा. माह्या तुकड्यात नाही म्हणून तिच्या काखेत नाही, असं होत नाही. काढा."

फोन ठेवला. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असेल, काहीतरी बोलावं. पण त्या माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. "बरं झालं महाराज. आजच समजलं."

तो गुरुवार त्यांचा आमच्याकडचा शेवटचा ठरला. पुढे मशीन ठेवून घेतलं, टेक्निशियन पोरगी ते चालवते, सावकाशीने बघायच्या गाठी अकोल्याला त्यांच्या लॅबमध्ये जातात, आणि त्यांचे रिपोर्ट ईमेलने येतात. फोनवर बोलतो आम्ही. पण त्या दिवसानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

त्या दिवशी ऑपरेशन संपल्यावर त्या स्वतः बाहेर आल्या. पंख्याखाली सविताचा नवरा, रामदास, उकिडवा बसला होता. तो उठून उभा राहिला.

"काखेत होतं. तायडे सरनं काढलं," मॅडम म्हणाल्या. "पुढे केमोच्या सुया लागतीन, किरणांचा शेक लागन. पण कापाकापी झाली."

"मंग आता पुन्हा कधी आणू हिले?"

"टाके काढाले."

"ते नाही जी. दुसऱ्या ऑपरेशनले."

"दुसरं कोणतं? आजच झालं ना सगळं."

"माह्या वयनीचं दोनदा झालं होतं. आठ-दहा दिवसानं पुन्हा बलावलं."

"वयनीचं झालं असन. हिचं नाही होत."

रामदास त्यांच्याकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. "लेखी देता का?" त्याने विचारलं.

"हात देते," मॅडम म्हणाल्या, आणि खरंच हात पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला, सोडला, आणि खिशातून मोबाइल काढत भिंतीकडे तोंड केलं. तो हळू बोलत होता असं त्याला वाटत होतं.

"माय, आयकून राह्यली का? बकरी इकू नको... हाव, बकरी. घेणाऱ्याले नाही म्हणून सांग... दुसरं ऑपरेशन नाही म्हणते... अवं मोठ्या मॅडमनं सांगतलं... नाही, नाही, एकच. झालं ते. तू बकरी सोड बाहेर, चरू दे तिले."

बोलता बोलता तो भिंतीला डोकं टेकवून रडू लागला आणि तरीही फोनवर बकरीचंच सांगत राहिला. मॅडम तिथून हलल्या नाहीत. मग माझ्याकडे वळल्या.

"महाराज, हे बकरी तुमच्या हिशेबात कुठी बसली?"

"कुठंच नाही, मॅडम. ती त्यांच्या घरची."

"मंग जागा करा तिले."

एवढं म्हणून त्यांनी पिशवी उचलली आणि निघाल्या. ऑपरेशन थिएटरमध्ये चपलांवर चढवायच्या निळ्या पिशव्या त्यांच्या पायात तशाच होत्या. वॉचमन मागून ओरडला, पण त्यांना ऐकू गेलं नाही. मी गेटपर्यंत गेलो, तोवर त्या ऑटोत बसल्या होत्या, आणि वाकून पुढच्या माणसाला सरकून घ्यायला सांगत होत्या.